तायकोच्या निमित्ताने हलगी : समूहवादन शिकण्याविषयी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर चामड्याचा आवाज लहानपणीच पडतो. काळभैरवाच्या डोंगरावरची यात्रा, गणपतीची मिरवणूक, शिवजयंती, कुस्तीचं मैदान, कित्येक वर्षांच्या खंडानंतर एखाद्या गावात भरणारी लक्ष्मीची यात्रा, यांतलं काहीच हलगी-ढोलाशिवाय पार पडत नाही. पैलवान लाल मातीत उतरला की ठेका चढू लागतो. कुस्ती निकाली झाली की हलगीवाला असा सुटतो की कडेला बसलेले म्हातारेही मांडीवर हात मारू लागतात. या मुलखात तालाची कमतरता कधीच नव्हती.

कमतरता आहे ती शिकवणीची. चांगल्या हलगीवादकाला ती कुठं शिकलात असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, बघून बघून आली. वडील वाजवायचे, चुलते वाजवायचे. पोरगं आधी कैताळाच्या झांजा घेऊन मागं उभं राहायचं, मग घुमकं या खालच्या भरीव आवाजाच्या वाद्यावर बसायचं, आणि एखाद्या दिवशी कुणी आजारी पडलं की हलगी त्याच्या गळ्यात यायची. ही शिकवण पक्की असते यात शंका नाही. पण ती घराच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. ज्या घरात हलगी नाही त्या घरातल्या मुलाला, आणि कुठल्याही घरातल्या मुलीला, ती शिकावीशी वाटली तर तिनं जायचं कुणाकडे? पहिल्या दिवशी काय करायचं, महिन्याभरानं काय यायला हवं, स्वतःचा ठेका कधी रचायचा, याची पायरीपायरीची वाट अजून कुणी आखून दिलेली नाही. समूहवादन शिकू पाहणाऱ्यांसाठी आणि शिकवू पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे, आणि तिची सुरुवात जपानपासून करण्याला कारण आहे. अशी वाट तिथं एका पिढीच्या आयुष्यात आखली गेली.

तायको म्हणजे जपानी ढोल. देवस्थानांत, गावच्या सणांत, नो आणि काबुकी रंगभूमीवर, जुन्या काळी रणांगणावरही तो शतकानुशतकं वाजत आला आहे. आज जगभर तायको म्हणून जे दिसतं, म्हणजे रंगमंचावर मांडलेले लहानमोठे ढोल आणि त्यांच्यामागं एकाच पवित्र्यात उभे राहिलेले दहा-पंधरा वादक, तो प्रकार मात्र एवढा जुना नाही. त्याचं जन्मवर्ष सांगता येतं. ते आहे १९५१.

नागानो प्रांतातल्या ओकायाचे दाइहाची ओगुची हे जॅझ संगीतातले ड्रमवादक. सुवा देवस्थानाच्या परंपरेतलं एक जुनं वादनलेखन त्यांच्या हाती आलं. ते त्यांना वाचता येईना, तेव्हा एका जुन्या जाणत्या माणसाच्या मदतीनं त्यांनी ते उलगडून घेतलं. उलगडल्यावर त्यांना ते फार साधं वाटलं. इतकी माणसं जमून सगळ्यांनी एकच ठेका का वाजवायचा, हा प्रश्न जॅझवाल्याला पडणं साहजिक होतं. मग त्यांनी निरनिराळ्या आकारांचे ढोल एकत्र मांडले. लहान, करकचून ताणलेल्या शिमे-दाइकोकडे सतत चालणारा पायाचा ठेका दिला, मधल्या नागादो-दाइकोकडे मुख्य चाल सोपवली, आणि भल्या मोठ्या ओ-दाइकोकडे खालचे गंभीर ठोके ठेवले. ड्रमसेटवर एकटा माणूस दोन हात आणि दोन पाय वापरून जे करतो ते त्यांनी अनेकांत वाटून दिलं. त्यांच्या पथकाचं नाव ओसुवा दाइको. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकच्या निमित्तानं ते जगासमोर आलं, आणि समूहतायकोचा हा नमुना जपानभर पसरला.

ओगुचींचं मोठेपण इथं नीट पाहायला हवं. त्यांनी ताल अवघड केला म्हणून तो गाजला असं झालं नाही. त्यांनी काम वाटलं. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा सोपा राहिला, आणि सगळे तुकडे मिळून उभं राहणारं काम मात्र गुंतागुंतीचं झालं. म्हणूनच नवशिक्याला पहिल्या आठवड्यातच मोठ्या रचनेत जागा मिळू शकते. शिकवण्याच्या दृष्टीनं यापेक्षा मोठी सोय नाही.

त्यानंतरचा इतिहास भराभर पुढं जातो. १९५९मध्ये टोकियोत सुकेरोकु तायको उभं राहिलं. तिरक्या घोडीवर ठेवलेला ढोल आणि त्याभोवतीच्या अंगाच्या झोकदार हालचाली ही त्यांची देणगी. १९६९मध्ये देन तागायासू यांनी सादो बेटावर तरुणांना जमवून ओंदेकोझा सुरू केलं. तिथं पळणं आणि वाजवणं या दोन गोष्टी एकच मानल्या जात. १९७५मध्ये या मंडळींनी बॉस्टनची मॅरेथॉन धावून पूर्ण केली आणि धाव संपताच ढोल वाजवले. त्यातूनच १९८१मध्ये कोदो हे पथक निघालं. बर्लिनच्या महोत्सवात त्यांचा पहिला प्रयोग झाला. कोदोत यायचं तर आजही उमेदवाराला दोन वर्षं सादोवर एकत्र राहून शिकावं लागतं: पहाटेची धाव, स्वयंपाक, शेती, स्वतःच्या हातानं काड्या तासणं, आणि मग ढोल. हा झाला कठोर मार्ग. पण त्याच बेटावर पाहुण्यांसाठी तायको केंद्रही आहे. तिथं आयुष्यात कधी काडी न धरलेला माणूस तासा-दोन तासांच्या कार्यशाळेत ढोलासमोर उभा राहू शकतो. एकाच परंपरेनं दोन्ही दारं उघडी ठेवली ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

अमेरिकेतली कहाणी आणखी जवळची वाटेल. सेइची तानाका यांनी १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शिकवायला सुरुवात केली. १९६९मध्ये लॉस एंजेलिसच्या सेनशिन बौद्ध मंदिरातल्या तरुणांनी किन्नारा तायको काढलं आणि १९७३मध्ये सॅन होझे तायको आलं. हे बहुतेक जपानी वंशाच्या तिसऱ्या पिढीतले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या आईवडलांना, आजीआजोबांना अमेरिकी सरकारनं छावण्यांत डांबलं होतं. सुमारे एक लाख वीस हजार माणसं होती ती. घरात त्याविषयी कुणी बोलत नसे. नातवंडांनी ढोल हाती घेतला त्याला ही पार्श्वभूमी होती.

ढोल घ्यायला मात्र त्यांच्याकडे पैसे नव्हते. जपानी नागादो-दाइको केयाकी लाकडाच्या अखंड ओंडक्यातून कोरलेला असतो. इशिकावा प्रांतातली आसानो तायको ही कार्यशाळा १६०९पासून असे ढोल घडवते. त्यांची किंमत विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरची. किन्नाराच्या मंडळींनी दारूची जुनी ओक लाकडाची पिंपं मिळवली, ती तासली आणि त्यांवर कातडं चढवलं. अमेरिकेतल्या बहुसंख्य तायको पथकांनी पुढं हीच युक्ती उचलली. रोजच्या सरावासाठी त्याहून स्वस्त उपाय निघाला: मोटारीचं जुनं टायर आणि त्यावर आडवीउभी ताणून चिकटवलेली पॅकिंगची रुंद चिकटपट्टी. आवाज बेताचा आणि काडी उसळते हवी तशी. ट्रॅक्टरची आणि ट्रकची जुनी टायरं गडहिंग्लज-संकेश्वर रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरच्या दुकानामागं पडलेली असतात. वीस जणांच्या कार्यशाळेला आधी वीस ढोल हवेत, हा समज तिथंच गळून पडतो.

घराण्याच्या उंबऱ्याआडची विद्या वर्गात आणण्याचं काम आपल्याकडे झालंच नाही असं नाही. ते ज्यांनी केलं ते याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात जन्मले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि राजेरजवाड्यांच्या आश्रयावर चालणारं गाणं फी भरून कुणालाही शिकता येईल असं केलं. त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, क्रमिक पुस्तकं छापली, परीक्षा घेतल्या. त्यांच्या शिष्यांनी १९३१मध्ये उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आज गावोगावची मुलं बसतात, तबला आणि पखवाजासाठीही. मिरवणुकीतल्या चामड्याला असा पलुस्कर भेटला नाही. हलगी, घुमकं, धनगरी ढोल, संबळ, ताशा ही वाद्यं उघड्यावर वाजत राहिली आणि त्यांचं शास्त्र वाजवणाऱ्यांच्या मनगटात राहिलं.

मग कार्यशाळेत नेमकं शिकायचं काय?

तायकोत पहिले धडे पायांचे असतात. डावा पाय पुढं, गुडघा वाकलेला, उजवा पाय मागं ताणलेला, कंबर खाली. या पवित्र्याला काता म्हणतात. नवशिक्या हातानं मारायला जातो आणि पाच मिनिटांत त्याचा खांदा भरून येतो. जाणता माणूस जमिनीतून जोर घेतो, तो कंबरेतून खांद्यात आणि खांद्यातून काडीच्या टोकात सोडतो. मियाके बेटाच्या शैलीत ढोल इतका खाली ठेवतात की वादकाला जवळजवळ बसकण मारूनच वाजवावं लागतं. तिथं पायांची तयारी नसेल तर दोन आवर्तनंसुद्धा निभत नाहीत. कोल्हापूरच्या तालमीत दंड-बैठका काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हलगी उभ्यानं, चालत, अंग झुलवत वाजते, लेझमीच्या तालाला पाय सुटतात, आणि धनगरी गजनृत्यात ढोलवाला ढोलासकट गिरक्या घेतो. आपल्या परंपरेत अंग आणि ताल वेगळे काढता येत नाहीत. शिकवताना मात्र ते वेगळे काढावे लागतात: आधी नुसते पाय, मग पाय आणि टाळी, मग काडी.

दुसरा धडा तोंडाचा. तायकोतली कुठलीही रचना आधी बोलून पाठ केली जाते. मोठ्या आघाताला ‘डोन’, जोडआघाताला ‘डोको’, हलक्या ठोक्यांना ‘त्सुकु’, काठावरच्या खणखणीत आवाजाला ‘का’. या पद्धतीचं नाव कुची शोगा. तबल्याचे बोल ज्यांनी म्हटले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. हलगीवालेही एकमेकांना ठेका तोंडानंच देतात. फरक इतकाच की तायकोवाल्यांनी ते ठरवून घेतलं, सगळ्यांनी एकच बोल वापरायचं मान्य केलं आणि कागदावर उतरवलं. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कागल या टापूतल्या जुन्या वादकांना एकत्र बसवून त्यांच्या तोंडचे बोल लिहून आणि ध्वनिमुद्रित करून घेतले, तर हलगीचं पहिलं क्रमिक पुस्तक त्यातूनच तयार होईल. हे काम कार्यशाळेच्या आधी व्हायला हवं, आणि त्यासाठी मोबाइलपेक्षा महागडं काही लागत नाही.

तिसरी गोष्ट ऐकण्याची. आवाज मोठा असला की माणूस स्वतःचंच ऐकतो. म्हणून हाचिजो बेटाची एक जुनी पद्धत तायको शिकवणाऱ्यांना फार उपयोगी पडते. आडवा ठेवलेला एक ढोल, दोन बाजूंना दोन माणसं. एक जण न हलता मूळ ठेका धरून राहतो आणि दुसरा त्यावर मनाला येईल ते वाजवतो. थोड्या वेळानं जागा बदलायच्या. ठेका धरणाऱ्याला कळतं की आपण डगमगलो तर समोरचा कोसळतो. वर वाजवणाऱ्याला कळतं की सुटायचं असेल तर परत कुठं यायचं ते ठाऊक हवं. कोल्हापुरी ताफ्यात हेच नातं घुमकं आणि हलगी यांच्यात असतं. घुमकं खालून भरीव आवाजात चाल धरून ठेवतं, कैताळ वेळ दाखवतं, आणि त्यांच्या भरवशावर हलगीचा कडकडाट हवा तसा धावतो. हलगी वाजते दोन काड्यांवर. एका हातात जाड टिपरी, दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी. जाडीनं ठोका पडतो आणि बारकीनं मधल्या जागा भरल्या जातात. नवशिक्याचं सगळं लक्ष जाड काडीकडे असतं. हलगीचं हलगीपण मात्र त्या बारीक काडीत असतं, आणि ते यायला महिने लागतात.

यापुढचा टप्पा रचनेचा, आणि तिथं तायकोकडून घेण्यासारखं सर्वांत जास्त आहे. चांगल्या कार्यशाळेत चार-पाच जणांचे गट पाडतात, प्रत्येक गटाला एक विषय देतात आणि ठरावीक वेळात छोटी रचना करून दाखवायला सांगतात. गटात एकानं पाया धरायचा, दोघांनी सवाल-जवाब करायचे, एखाद्यानं फक्त काठावर वाजवायचं, आणि एक जागा मोकळी सोडायची जिथं कुणीच वाजवणार नाही. ठोक्यांमधल्या त्या रिकाम्या जागेला जपानी वादक ठोक्याइतकंच महत्त्व देतात. विषय बाहेरून आणायची गरज नाही. हिरण्यकेशीला आलेला पावसाळी लोंढा, गुऱ्हाळातली धांदल, मिरचीच्या बाजारातला लिलाव, किंवा गडहिंग्लजात ज्याचं वेड घराघरात आहे तो फुटबॉलचा सामना. चेंडू मधल्या फळीतून पुढं सरकतो, अडतो, परत फिरतो, आणि मग गोल. वीस मुलांना यावर ताल रचायला सांगून पाहावं. तालाला विषय मिळाला की लाजरी मुलंसुद्धा हात उचलतात.

महाराष्ट्रात समूहवादन शिकवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अर्थात पुण्याच्या ढोल-ताशा पथकांचा. पूर्वी मुळशी-मावळातल्या गावांचे ढोल गणपतीला पुण्यात येत. पुढं ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांनी आपली पथकं उभी केली आणि ढोल शहरी विद्यार्थ्यांच्या कमरेला बांधला गेला. मुली आल्या, नोकरदार आले, डॉक्टर आणि इंजिनिअर आले. गणपतीआधी दीड-दोन महिने नदीकाठी, पुलांखाली, मोकळ्या मैदानांवर सराव चालतो. ढोल ताणायचा कसा, टिपरू धरायचं कसं, थापी कुठं पडायला हवी, ताशाच्या इशाऱ्यावर हात कधी बदलायचा, हे सगळं नव्या माणसाला जुना माणूस शिकवतो. परदेशातली मराठी मंडळं आता आपली पथकं काढतात, ती याच वळणाची. जातीच्या आणि घराच्या बाहेर चामड्याचं वाद्य नेण्याचं श्रेय या पथकांना द्यायलाच हवं.

त्यांची मर्यादाही स्पष्ट बोलायला हवी. सगळं शिक्षण एका उत्सवासाठी आहे. अनंत चतुर्दशी झाली की ढोल गोदामात जातात आणि शिकणारा पुढच्या पावसाळ्यापर्यंत जिथल्या तिथं राहतो. संख्येचा सोस आहे. शंभर ढोल एकच हात वाजवतात तेव्हा छाती भरून येते, पण ओगुचींना १९५१मध्ये पडलेला प्रश्न तिथं अजून कुणी विचारलेला दिसत नाही. २०२४मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पथकात तीसच वादक असावेत अशी मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी १२ सप्टेंबरला तिला स्थगिती दिली. त्या वादात चर्चा झाली ती डेसिबलची आणि परंपरेची. तीस माणसांत वाटून दिलेली, चार थरांची रचना शंभरांच्या एकसुरी ठोक्यापेक्षा दमदार ऐकू येऊ शकते, हा विचार फारसा कुणी मांडला नाही. तो कलेच्या बाजूनं मांडायला हवा होता.

गडहिंग्लजच्या बाजूला पुण्याची नक्कल करायचं कारणच नाही. या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर तालांची स्वतःची गर्दी आहे. बेळगाव, चंदगड, गडहिंग्लजकडे झांजपथकं आहेत, ढोलाच्या ठेक्यावर झांजा उसळवत रिंगण धरणारी. धनगरवाड्यांवर ढोल आणि कैताळ आहेत. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात असे शेकडो ढोल एका वेळी घुमतात. संकेश्वर ओलांडलं की भाषा बदलते, पण कातडं बदलत नाही. तिकडे हलगीला हलगेच म्हणतात, करडी मजलूचे ताफे आहेत, डोळ्ळू कुणिता हे ढोलनृत्य आहे. मराठी आणि कन्नड वादकांना एका मांडवाखाली बसवणारी कार्यशाळा महाराष्ट्रात इतकी सहज दुसरीकडे कुठं होणार? सीमाभागाविषयी इतर वेळी जे बोललं जातं ते बाजूला ठेवून दोन भाषांतले वादक एकमेकांचे बोल म्हणताहेत, एवढं जरी घडलं तरी ते ऐकायला दुरून यावं असं आहे.

आता जी गोष्ट टाळून हा विषय पुढं नेता येणार नाही, ती. हे वाद्य कुणाचं?

जपानमध्ये ढोल देवाचा, पण ढोलाचं कातडं कमावणारे हात अस्पृश्य मानले गेले. बुराकू समाजाच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ढोल घडवले, आणि ते ढोल ज्या मिरवणुकांत वाजले तिथं त्यांना जागा नव्हती. तायको जगभर गाजत असतानाही या लोकांचं नाव कुणी घेत नव्हतं. ओसाकातल्या नानिवा या जुन्या ढोलकारांच्या वस्तीतल्या तरुणांनी १९८७मध्ये स्वतःचं पथक काढलं. आजवर आपण ढोल बनवले, आता वाजवणारही आपणच, अशी ती भूमिका होती. पथकाचं नाव त्यांनी ठेवलं इकारी, म्हणजे संताप. तायकोविषयी लिहिणाऱ्यांना त्यानंतर कातडं कमावणाऱ्यांचा इतिहास वगळून पुढं जाणं कठीण झालं.

इथल्या वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. हलगी वाजवणं हे महार, मांग, होलार समाजांवर लादलेलं गावकीचं काम होतं. लग्न कुणाचंही असो, मयत कुणाचीही असो, हलगीवाल्यानं यायचं, लांब उभं राहायचं आणि मिळेल ते घ्यायचं. मेलेलं जनावर ओढणं, त्याचं कातडं काढणं आणि तेच कातडं वाजवणं, हे सगळं एकाच बेडीचे दुवे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गावकीची कामं सोडायला सांगितली तेव्हा अनेकांनी हलगीही खुंटीला टांगली आणि पुन्हा हातात घेतली नाही. १९२०च्या माणगाव परिषदेत राजर्षी शाहू आणि तरुण बाबासाहेब एका व्यासपीठावर आले तो हाच जिल्हा. त्या माणसांनी हलगी सोडली ती कलेला कंटाळून नव्हे. ती माणुसकीसाठी दिलेली किंमत होती. एखाद्या कुटुंबानं मुलाच्या हातात हलगी द्यायला नकार दिला, तर कार्यशाळा भरवणाऱ्यानं त्याला परंपरेचं महत्त्व समजावायला जाऊ नये. तो नकार मान खाली घालून ऐकावा.

दुसरीही वाट आहे आणि तीही आपल्याच देशात चालून झालेली आहे. तमिळनाडूत दिंडीगलच्या शक्ती कला पथकात दलित मुलींनी परई हाती घेतली. जे वाद्य मयताला वाजवण्यासाठी त्यांच्या वाडवडलांच्या गळ्यात अडकवलं होतं ते त्यांनी मंचावर, स्वतःच्या अटींवर वाजवलं. कर्नाटकात तमटेवादक मुनिवेंकटप्पा यांना २०२३ची पद्मश्री मिळाली. तमटे हे हलगीचं सख्खं भावंड. गावच्या कडेला उभं राहून वाजवलेलं वाद्य राष्ट्रपती भवनापर्यंत पोचलं, आणि वाजवणारा माणूसही त्याच्याबरोबर पोचला, हे इथं महत्त्वाचं. वाद्य पोचतं आणि माणूस मागं राहतो, असं आपल्याकडे फार वेळा झालं आहे.

म्हणून गडहिंग्लजसारख्या ठिकाणी कार्यशाळा भरवताना काही गोष्टी आधीच ठरायला हव्यात. शिकवणारे मुख्य गुरू हे परंपरेनं हलगी, घुमकं, धनगरी ढोल वाजवणारेच असावेत. शहरातून आलेला संगीतशिक्षक त्यांचा मदतनीस. मानधन आधी ठरलेलं, लेखी आणि तबल्याच्या शिक्षकाला मिळतं त्यापेक्षा कमी नाही. कातडं चढवणाऱ्या कारागिराचा एक पूर्ण दिवस असावा. बकऱ्याचं कातडं भिजवून कड्यावर ताणताना, वाळवताना आणि मग जाळावर धरून आवाज चढवताना मुलांनी पाहावं, हातभार लावावा. कार्यशाळेत रचलेला नवा ठेका कुणाच्या जुन्या चालीवर उभा आहे ते रचनेच्या नावाबरोबर लिहिलं जावं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं वाजवतील तेव्हा गुरू प्रेक्षकांत कुठंतरी मागं बसलेले नसावेत.

मुलींविषयी वेगळं सांगावं लागतं हेच खरं तर खटकतं. उत्तर अमेरिकेतल्या तायको पथकांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, पुण्याच्या पथकांत मुलींनी ताशाची आघाडी सांभाळली आहे, आणि गडहिंग्लज भागातल्या शाळांत मुलींची लेझीम पथकं कैक वर्षं आहेत. लेझमीच्या मागं हलगी मात्र पुरुषाच्याच हातात. तीच मुलगी लेझीम खाली ठेवून हलगी घेईल, यात अडचण हाताची नाही, नजरेची आहे. गटात मुली दोन-तीनच असतील तर त्या कैताळावर ढकलल्या जातात. निम्म्या असतील तर पाया त्याच धरतात.

राहिला प्रश्न कानांचा आणि शेजाऱ्यांचा. आठ तास ८५ डेसिबल ही कानाची सुरक्षित मर्यादा मानतात, आणि आवाज दर तीन डेसिबलनं वाढला की सोसण्याचा वेळ निम्मा होतो. बंद खोलीत दहा हलग्या वाजल्या तर हा हिशेब मिनिटांवर येतो. शिकणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून कानात बोळे घालावेत, मुलांच्या बाबतीत तर हट्टानं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सीमा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा वाद्यांना बंदी आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतताक्षेत्र ठरू शकतात. टायरवरचा सराव इथं पुन्हा कामी येतो. तोंडी बोलांचा आणि पायांचा निम्मा अभ्यास तर आवाजाशिवायच होतो. पूर्ण वाद्यांचा सराव नदीकाठी, माळावर किंवा सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या मैदानात.

हंगामही जमवून घ्यावा लागतो. आजरा-चंदगडच्या बाजूनं पाऊस चढला की कातडं सैलावतं, हलगी दर अर्ध्या तासाला शेकावी लागते आणि नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो. हिवाळ्यात उसाचा गळीत हंगाम असतो आणि घरटी एक तरी माणूस त्यात गुंतलेला असतो. पाठोपाठ यात्रांचे दिवस येतात, तेव्हा चांगले वादक सुपारीवर असतात आणि शिकवायला कुणालाच सवड नसते. सोयीची वेळ म्हणजे मे महिना. ऊन कडक, कातडं टणक, शाळा रिकाम्या, पुण्या-मुंबईची पोरं गावाला आलेली. मे महिन्यात पाय, बोल आणि मूळ ठेके बसले की आषाढ-श्रावणात टायरांवर सराव चालू ठेवता येतो, रचना गणपतीपर्यंत पिकते, आणि दिवाळीच्या सुटीत, फुटबॉलच्या स्पर्धांना गर्दी जमलेली असताना, मैदानाच्या कडेला ती पहिल्यांदा वाजवून पाहता येते.